नव्या मुख्याध्यापकाला वर्षभर अनुभवी मार्गदर्शक सक्तीचा करावा का?

चार्ज_यादी:
22 वर्षं वर्गावर काढून गेल्या जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक झालो. चार्ज म्हणजे चाव्यांचा जुडगा, तीन कपाटं आणि एका कागदावर दोघांच्या सह्या. चौथ्या दिवशी पोषण आहाराचा तांदूळ मोजला, तर साठा रजिस्टरपेक्षा 38 किलो कमी. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम, म्हणजे 380 ताटं गायब! सही माझी, म्हणून तूटही माझी. खिशातून भरली. शेजारी एखादा मुरलेला मुख्याध्यापक असता तर म्हणाला असता, "आधी पोती मोज, मग सही कर." 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुख्याध्यापकांनाही वर्षाला 50 तास प्रशिक्षण सांगितलंय. पण पोती मोजायला हॉलमध्ये बसून कोण शिकतं? पहिलं वर्षभर माणूस नेमून द्या, आणि सक्तीने द्या.

फळापुस्या:
सक्ती आली की काय येईल सांगू? मार्गदर्शन रजिस्टर, भेटीचा जिओ-टॅग फोटो आणि "आज 5 वाजेपर्यंत लिंक भरा". शिवाय हा मार्गदर्शक येणार कुठून? त्याचीही शाळा दोनशिक्षकी. तो तुमच्याकडे आला की तिकडे चार वर्ग एकाच्या गळ्यात. त्यापेक्षा प्राथमिक शाळेला लिपिक द्या, निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

आठवी_ब:
आमच्याकडे खासगी अनुदानितला 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे ज्येष्ठतेने खुर्ची मिळते. आमच्या सरांना मिळाली तेव्हा निवृत्तीला 14 महिने उरले होते. त्यातलं वर्ष शिकण्यात घालवायचं? शिकवायचं तर पर्यवेक्षक, म्हणजे मुख्याध्यापकाच्या खालच्या पदावर, असतानाच शिकवा.

चार्ज_यादी:
पर्यवेक्षक माध्यमिकला असतो हो. आम्ही काल वर्गावर, आज खुर्चीत.

निवृत्त_पण_जागा:
मी मार्गदर्शनाच्या बाजूचा, सक्तीच्या विरुद्ध. चार नवे मुख्याध्यापक मला फोन करतात. एका बाईंनी पालक रडतोय म्हणून जनरल रजिस्टरमधल्या (शाळेतल्या मुलांच्या प्रवेशनोंदींची वही) जन्मतारखेला व्हाइटनर लावला. शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती तारीख बदलता येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रात्री साडेदहाला फोन. दुसऱ्या दिवशी काय लिहून द्यायचं ते मी शब्दन् शब्द सांगितलं. का सांगू शकलो? मला कुणी नेमलेलं नाही म्हणून. नेमलं असतं तर मीही "वरिष्ठांना विचारा" म्हणून फोन ठेवला असता. चौकशीत आपलं नाव कोणाला हवंय?

चार्ज_यादी:
सर, तुमचा नंबर ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करायचं? बरं, वर्षभराचं राहू द्या. निदान चार्जच्या दिवशी दुसऱ्या शाळेचा मुख्याध्यापक समोर हवा आणि यादीवर त्याची तिसरी सही हवी.

फळापुस्या:
चालेल. फक्त तिसऱ्या सहीवाल्याने 38 पैकी किती किलो भरायचे, ते आधी ठरवा.