रोज मराठी लिहिणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावेच का?

कळफलक्या (धागालेखक)

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाची सभासद-यादी एकत्र करण्याचे काम मागील महिन्यात माझ्या गळ्यात पडले. सहा-सात स्वयंसेवकांनी गेल्या पंधरा वर्षांत आपापल्या संगणकावर टंकलेल्या याद्या जोडून अकराशेच्या आसपास नावांची एक फाइल तयार झाली. तिच्यात 'कऱ्हाडे' हे आडनाव शोधले, तेव्हा लिबरऑफिसने चार नावे दाखवली. डोळ्यांनी मोजली तर अकरा भरली. अकराही ठिकाणी अक्षरे हुबेहूब सारखी दिसत होती. शेवटी त्या अक्षरांचे सांकेतिक क्रमांक उघडून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. चार नावांत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१) आणि त्यापुढे हलन्त होता. उरलेल्या सात नावांत साधा 'र', हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी), दडलेला होता. पडद्यावर दोन्हींचा रफार सारखाच आडवा झोपतो. संगणकाच्या लेखी मात्र ही दोन निराळी आडनावे आहेत.

चौकशी केल्यावर कळले की ती सात नावे रोमन अक्षरांतून मराठी करून देणाऱ्या साधनांनी लिहिली गेली होती. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे आणि ते येथे चर्चेसाठी मांडतो: जो माणूस रोज पान-दोन पाने मराठी लिहितो, त्याने इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा आणि रोमनची कुबडी टाकावी. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आखलेली आणि १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेली ही मांडणी विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींत फुकट मिळते, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, आणि क-ख, त-थ, प-फ अशा जोड्या एकाच कळीवर, महाप्राण शिफ्टसह; एवढे समजले की निम्मा कळफलक पाठ झाला.

एकच उदाहरण देतो. 'दर्या' लिहिताना द, र, हलन्त, य, काना या क्रमाने पाच कळा दाबाव्या लागतात. 'दऱ्या' लिहिताना त्याच पाच कळा त्याच क्रमाने दाबायच्या, फक्त 'र' च्या वेळी शिफ्ट धरायची. समुद्र लिहायचा की डोंगरांमधल्या दऱ्या, हे लिहिणारा ठरवतो. संगणकाने अंदाज बांधून आपल्यापुढे चार पर्याय टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

दोनबोटे

कळफलक्या यांची तक्रार खरी आहे, पण फाशी त्यांनी भलत्यालाच दिली. त्या सात नावांत अदृश्य जोडक घातला तो रोमन लिपीने नव्हे, तर ते साधन बनवणाऱ्याने. आणि त्या बिचाऱ्यानेही काही गुन्हा केलेला नाही, कारण युनिकोड या अक्षर-क्रमांकांच्या मानकाच्या जुन्या आवृत्तीत आडवा रफार तसाच लिहिला जात असे, आणि त्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून आजच्या मानकातही तो क्रम ग्राह्य धरलेला आहे. दोन वाटा युनिकोडनेच खुल्या ठेवल्या आणि शिक्षा मात्र रोमनमधून लिहिणाऱ्यांना, हा कुठला न्याय?

दुसरे असे की, 'रोमनमधून मराठी' या एका नावाखाली आपण दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या आहेत. भ्रमणध्वनीवर 'marathi' या इंग्रजी अक्षरांवरून अंदाज बांधून 'मराठी' आणि 'मराथी' असे पर्याय दाखवणारी पद्धत वेगळी, आणि 'बरहा' किंवा 'गमभन' यांसारखी नियमांनी बांधलेली पद्धत वेगळी. तिथे लहान टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट. लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. मी वापरतो त्या पद्धतीत मोठा आर आणि वाय दाबले की 'ऱ्य' उमटतो. यात अंदाज कुठे आला? तुमच्या शिफ्टने जे काम होते तेच माझ्याही शिफ्टने होते.

आणि थोडे मागचेही आठवावे. विंडोज एक्सपीवर मराठी दिसण्यासाठी रिजनल सेटिंग्जमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि मग संगणक मूळ सीडी मागत असे. आमच्या गावातल्या सायबर कॅफेचा मालक ती सीडी कपाटात कुलूपबंद ठेवत असे. 'व्हायरस येईल' हे त्याचे ठरलेले उत्तर होते. अशा काळात संकेतस्थळाच्या पानातच बसवलेल्या गमभनमुळे, काहीही न शिकता आणि कोणाची परवानगी न मागता, माझ्यासारख्या माणसाने आयुष्यातला पहिला मराठी परिच्छेद टंकला. गमभन बनवणाऱ्या ओंकार जोशी यांचे हे ऋण मी तरी विसरणार नाही. इनस्क्रिप्टच्या भरवशावर बसलो असतो तर आंतरजालावरचे अर्धे मराठी लिहिलेच गेले नसते.

जुना खिळेजुळारी

दोघांच्या भांडणात मी तिसऱ्याच गावचा. मराठी टंकयंत्रावर मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा उत्तीर्ण होऊन नोकरीला लागलो, पुढे छापखान्यात श्रीलिपी आणि आकृती या युनिकोडपूर्व टंकप्रणालींवर वीस वर्षे काढली. टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी मारावी लागते आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. जुन्या फॉन्टमधल्या फायलींतही तोच क्रम साठवलेला आहे. 'किती' या शब्दात पहिली वेलांटी, मग क, मग त, मग दुसरी वेलांटी. रफाराचे त्याच्या उलट: 'अर्क' मध्ये तो 'क' झाल्यानंतर येतो. म्हणून जुनी फाइल युनिकोडमध्ये आणताना नुसती अक्षरे बदलून भागत नाही, प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून अक्षराच्या नंतर आणि प्रत्येक रफार उचलून अक्षराच्या आधी न्यावा लागतो. मध्ये जोडाक्षर असले की हिशेब चुकतो आणि शब्दाची खिचडी होते.

इनस्क्रिप्टमध्ये अक्षर आधी आणि वेलांटी नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. हा क्रम शास्त्रशुद्ध आहे हे मला मान्य आहे, पण माझ्या बोटांना कोणी समजवावे? तीन महिने प्रयत्न केला. दर दुसऱ्या शब्दाला वेलांटी आधी पडायची आणि पडद्यावर ते ठिपक्यांचे वर्तुळ उगवायचे. शेवटी टंकयंत्राची रेमिंग्टन मांडणीच युनिकोडमध्ये देणारे साधन बसवले आणि सुखाने कामाला लागलो. ज्याची बोटे एका मांडणीत तयार झाली आहेत त्याला 'शिकावेच' असा आग्रह करू नये, एवढेच म्हणतो.

कळफलक्या

खिळेजुळारींच्या बोटांपुढे मी हात जोडतो. माझा आग्रह त्यांच्यासाठी नव्हताच. ज्यांनी कोणतीच मांडणी धड शिकलेली नाही आणि दोन बोटांनी इंग्रजी कळा शोधत मराठी लिहितात, त्यांच्याविषयी मी बोलत आहे. (दोनबोटे यांनी हे नावावर घेऊ नये.)

नियमबद्ध रोमन आणि अंदाजी रोमन हा भेद मान्य. पण नियमबद्ध पद्धतीतही कळा जास्त दाबाव्या लागतात, याचे कारण लिपीतच आहे. देवनागरी व्यंजनात 'अ' अंगभूत असतो. रोमनमध्ये तो दर वेळी लिहावा लागतो. 'कमळ' इनस्क्रिप्टमध्ये तीन कळांत होते, रोमनमध्ये सहा लागतात. 'महाराष्ट्र' इनस्क्रिप्टमध्ये दहा कळांत बसते, दोन ए दाबून काना देणाऱ्या पद्धतीत तेरा कळा होतात. 'विद्यार्थी' सारख्या जोडाक्षरांच्या शब्दात मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच खर्च होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो, कारण तिथे इनस्क्रिप्टला हलन्त दोनदा दाबावा लागतो.

मोजणीपेक्षा मला एक दुसरीच गोष्ट खटकते. रोमनमधून लिहिताना मन प्रत्येक शब्द आधी इंग्रजी अक्षरांत फोडते. 'ज्ञ' साठी जी-एन की डी-एन-वाय, आणि 'ऋ' साठी काय, हे आठवण्यात जो क्षण जातो तो मराठीचा नसतो. शिवाय हे नियम साधनागणिक बदलतात. एका साधनावर मुरलेला हात दुसऱ्यावर अडखळतो. इनस्क्रिप्ट कुठेही गेलात तरी जवळपास तेच असते, आणि एकदा ते बसले की कन्नड किंवा बंगाली कळफलक निवडल्यावर 'क' च्या कळीवर तिथलाच 'क' सापडतो.

राइनकाठची सांगलीकर

दुसऱ्या देशात राहणाऱ्यांची अडचण कोणी मांडली नाही म्हणून लिहिते. माझ्या लॅपटॉपवर जर्मन कळा आहेत, जिथे वाय आणि झेड यांची अदलाबदल झालेली असते. रोमनमधून मराठी लिहिताना मला 'य' साठी कुठली कळ दाबायची याचा रोज गोंधळ होत असे, कारण दिवसभर जर्मन, संध्याकाळी इंग्रजी आणि रात्री मराठी. इनस्क्रिप्ट घेतल्यावर हा प्रश्न संपला, कारण ते कळीवर छापलेल्या अक्षराकडे न पाहता कळीच्या जागेकडे पाहते. कळांवर देवनागरी छापलेली नसल्यामुळे मान खाली घालून शोधण्याचा मोहही झाला नाही. मांडणीचे चित्र पडद्याशेजारी चिकटवले आणि साडेतीन आठवड्यांत ते काढून टाकले.

पण माझी आई सांगलीहून जे लांबलचक निरोप पाठवते, ते ती फोनला बोलून सांगते आणि फोन लिहून घेतो. तिला यांपैकी काहीही शिकवण्याचे धाडस मी करणार नाही. विरामचिन्हे नसतात, 'न' आणि 'ण' यांची तिकडे मौज चाललेली असते, तरी मजकूर पोहोचतो.

दोनबोटे

कळफलक्या यांना कळा मोजण्याची हौस आहे, तर त्यांनी कृपया 'ॲप' हा शब्द मूळ इनस्क्रिप्टमध्ये लिहून दाखवावा. त्या आराखड्यात 'ऍ' आहे, म्हणजे हिंदीच्या सोयीचा, 'ए' वर चंद्र दिलेला स्वर. मराठीला लागतो तो 'अ' वर चंद्र असलेला 'ॲ' आणि तो युनिकोडमध्येच २००८ साली आला. परिणामी इनस्क्रिप्ट शिकलेले कित्येक मराठी लोक निमूटपणे 'ऍप' आणि 'ऍडमिशन' लिहितात, किंवा 'अ' लिहून त्यावर चंद्र चिकटवतात. हा चिकटवलेला चंद्रही डोळ्यांना 'ॲ' सारखाच दिसतो आणि शोधताना सापडत नाही. म्हणजे आपल्या अकरा कऱ्हाड्यांचे जे झाले, तेच इनस्क्रिप्टवाल्यांच्या 'ॲड' आणि 'ॲक्ट' चे होते. आता यासाठी आम्ही इनस्क्रिप्टला कुबडी म्हणावे काय?

खटपट्या

दोनबोटे यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यावर उपाय आहे. मायक्रोसॉफ्टचे कीबोर्ड लेआउट क्रिएटर नावाचे फुकट साधन आहे. त्यात मराठीची चालू मांडणी उघडावी, जिथे 'ऍ' बसला आहे त्या कळीवर टिचकी मारून तिथे 'ॲ' टाकावा, मांडणीला नवे नाव द्यावे आणि तयार होणारे सेटअप चालवावे. पाऊण तासाचे काम आहे. लिनक्सवर एक्सकेबी या कळफलक सांभाळणाऱ्या यंत्रणेची भारतीय मांडण्यांची फाइल साध्या मजकुराची असते. तिच्यात एक ओळ बदलली की झाले, फक्त पुढच्या अद्ययावतीकरणात ती फाइल पुसली जाते, म्हणून बदललेली प्रत घरच्या फोल्डरात ठेवावी. मी एकदा ठेवली नव्हती.

दोनबोटे

पाऊण तास आपल्या संगणकावर. माझ्या कार्यालयातल्या संगणकावर काहीही बसवायचे तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो माणूस सायबर कॅफेवाल्याचा सख्खा भाऊ शोभेल. तिथे मी ब्राउझर उघडतो, रोमनमधून मराठी करणारे पान उघडतो आणि लिहितो.

कळफलक्या

'ॲ' चा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे आणि तो मी मान्य करतो. मी स्वतः आजवर 'अ' वर चंद्रच चिकटवत होतो, हे काल रात्री माझ्या फायली तपासल्यावर कळले. तेव्हा 'कुबडी' हा शब्द मागे घेतो. रोज लिहिणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावे हे मत कायम आहे. ते शिकले की मजकूर आपोआप शुद्ध होतो, हे मात्र मी यापुढे म्हणणार नाही.

यादीचे काय केले तेही सांगतो, कारण दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे. आमच्यातल्या एका उत्साही सभासदाने माझ्या आधीच फाइल हाती घेऊन 'अदृश्य अक्षरे' सरसकट उडवली होती. त्यामुळे सातही नावांचे 'कर्हाडे' झाले, रफार उभा राहून 'ह' च्या डोक्यावर जाऊन बसला. आंतरजालावर 'दुसर्या' आणि 'तर्हा' अशी रूपे दिसतात, त्यांतली बरीचशी याच सफाईतून आलेली असावीत, असा माझा संशय आहे. सुदैवाने मूळ प्रत होती. तिच्यात र, हलन्त आणि जोडक हे तिन्ही सलग आले असतील तेवढ्याच जागी 'ऱ' आणि हलन्त घातले, बाकीच्या जोडकांना हात लावला नाही, कारण 'क्ष' फोडून दाखवण्यासाठी एकाने ते मुद्दाम घातले होते. त्यानंतर चंद्राचा 'ॲ' एकसारखा केला. शोधल्यावर आता अकरा कऱ्हाडे सापडतात.

जुना खिळेजुळारी

बारावे आमच्या वर्गातले होते. त्यांचे नाव १९९८ च्या श्रीलिपीतल्या यादीत असेल. ती फाइल माझ्याकडे आहे, पाठवतो.