रक्तदाबाची गोळी चालू असताना जिम आणि योगवर्ग यांचा मेळ कसा घालावा? मदत हवी आहे

नमस्कार. माझे वय ५१ असून मी फोंड्याजवळच्या एका माध्यमिक विद्यालयात गणित शिकवते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी तीन वर्षांपासून चालू आहे. पावसाळ्यापूर्वी रोज पहाटे फर्मागुडीच्या चढावर चालायला जात असे. जूनमध्ये पावसाने झोडपायला सुरुवात केली तशी ती सवय मोडली, म्हणून घराजवळच्या जिममध्ये नाव घातले आणि शनिवार-रविवारी योगवर्गालाही जाऊ लागले. आता या दोन ठिकाणांची मते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मध्ये मी अडकले आहे.

जिममधला प्रशिक्षक होतकरू मुलगा आहे, पण त्याची सारी भिस्त मनगटावरच्या घड्याळावर. हृदयाचे मिनिटाला कमाल ठोके २२० उणे वय म्हणजे १६९, त्याचे ८० टक्के म्हणजे १३५, आणि तेवढे ठोके पडल्याशिवाय व्यायाम झाला असे तो मानत नाही. ट्रेडमिलवर मी घामाने निथळत होते तरी आकडा १०८ च्या पुढे सरकेना. ‘‘मॅडम, तुम्ही मन लावून करत नाही,’’ असे म्हणून त्याने चढ आणखी वाढवला. या गोळीमुळेच ठोके फारसे वाढत नाहीत, हे मी दोनदा सांगितले होते. (गणिताच्या बाईला सूत्राने असे छळावे, याचे हसूही आले.) त्याच आठवड्यात पायांनी वजन ढकलताना, तो ‘‘अजून दोन!’’ म्हणून ओरडत असताना, मी श्वास कोंडून जोर लावला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, ही गोष्ट मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून कळली. श्वास सोडत, हलक्या वजनांनी व्यायाम चालू ठेवा, असे ते म्हणाले.

योगशिक्षिकेच्या वर्गाने माझी झोप सुधारली, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण वजने पूर्ण सोडा, आधी मन स्थिर करा, हा त्यांचा आग्रह मला पटत नाही. रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ होत जातात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सांगितला आहे. शिवाय १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगाची प्रयोगशाळेत तपासणी करणारे स्वामी कुवलयानंद स्वतः बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात घडले होते. मग आखाडा आणि आसन यांत वैर कसले?

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. ठोक्यांऐवजी बोर्गच्या ६ ते २० या श्रममापनावर (आपल्याला किती श्रम वाटतात त्याला आपणच द्यायचा अंक), किंवा चालताना बोलता येते पण गाता येत नाही या साध्या खुणेवर, कोणी प्रत्यक्ष व्यायाम बेतला आहे का, आणि वजनांच्या व्यायामात ते मोजमाप कसे वापरलेत? दुसरे म्हणजे, औषधांची चौकशी करून दोन्ही पद्धती एकत्र आखून देणारा प्रशिक्षक फोंडा ते पणजी या पट्ट्यात शोधायचा, तर पहिल्या भेटीत त्याला काय विचारावे? जिमची पुढील तिमाहीची फी येत्या सोमवारी भरायची आहे, त्यापूर्वी उत्तर मिळाले तर बरे होईल.