राउटर चालू, मॉनिटर म्हणतो 'डाऊन' : खोट्या अलर्टवर उपाय सुचवा

रात्रपाळी
मंडळी, सल्ला हवा आहे. सव्वाशेच्या आसपास शाखा राउटर झॅबिक्स या मॉनिटरिंग टूलवरून बघतो. मॉनिटरिंग सर्व्हर म्हणजे एक व्हर्च्युअल मशीन, शाखा आयपीसेक टनेलने (इंटरनेटवरून जाणाऱ्या कूटबद्ध जोडणीने) जोडलेल्या. दर मिनिटाला पिंग ('आहेस का?' असं विचारणारं छोटं पॅकेट), आणि उत्तर आलं नाही की फोनवर 'डाऊन'. दोन-तीन मिनिटांत लगेच 'अप'. राउटरवर लॉगिन करून बघावं तर अपटाइम अखंड, इंटरफेस पडल्याची लॉगमध्ये एक ओळ नाही. आता अलर्ट वाजला तरी टीममधलं कोणी हलत नाही, आणि खरी भीती त्याचीच आहे. ट्रिगर, म्हणजे अलर्ट कधी द्यायचा तो नियम, साधा आहे : शेवटची पिंग तपासणी शून्य (उत्तर नाही) आली की डाऊन. कुठून सुरुवात करू? टूलच बदलावं का?

तारजोड
टूल बदलून काही होत नाही. ट्रिगर दहा मिनिटांवर न्या आणि शांत झोपा.

पॅकेटपुराण
टूल बदलू नका याला +१. दहा मिनिटांना मात्र माझा विरोध आहे, त्यावर नंतर येतो.

पिंगला राउटर चालू की बंद हे कळत नाही. मी विचारलं आणि ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, एवढंच कळतं. ते न येण्याची कारणं तीन ठिकाणी असू शकतात : विचारणारा सर्व्हर, मधली वाट, किंवा उत्तर देणारा राउटर. यातलं कोणतं, हे बहुतेक वेळा एकाही राउटरवर लॉगिन न करता समजतं. गेल्या काही आठवड्यांचे सगळे अलर्ट एका शीटमध्ये उतरवा. एका स्तंभात वेळ सेकंदासह, दुसऱ्यात राउटरचं नाव, तिसऱ्यात अलर्ट किती वेळ टिकला ते. मग वेळेनुसार लावा आणि नुसतं डोळ्यांनी बघा.

एकमेकांशी काही संबंध नसलेले राउटर एकाच मिनिटात पडत असतील तर संशय सर्व्हरवर. एकाच अपलिंकमागचे किंवा एकाच टनेल गेटवेचे राउटर सोबत पडत असतील तर वाटेवर. तेच दोन-चार राउटर पुन्हा पुन्हा आणि एकेकटे पडत असतील तर त्या राउटरवर. हे बघितल्याशिवाय ट्रिगरला हात लावू नका. ट्रिगर सैल केला की हा नमुनाच पुसला जातो.

रात्रपाळी
शीट केली. तीन गट अगदी स्पष्ट दिसतात, मला वाटलं नव्हतं.

(अ) रात्री दोन वाजून गेल्यावर पाच-दहा मिनिटांच्या आत जवळपास सगळे राउटर एकदम. जवळजवळ रोज.
(ब) तीन मोठ्या शाखांचे राउटर, कामाच्या वेळेत, केव्हाही. एकेकटे.
(क) सहा-सात शाखा, दर आठ तासांनी. पण घड्याळाची वेळ ठरलेली नाही, रोज थोडी सरकते.

आणखी एक. सर्व्हरवर भार पडू नये म्हणून माझ्या आधीच्या माणसाने प्रत्येक तपासणीत एकच पॅकेट पाठवायचं ठरवलं होतं. झॅबिक्स एरवी तीन पाठवतो ना?

थंडखोली
(अ) बद्दल : त्या मशीनचा बॅकअप रात्री दोनला लागतो का? स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची स्थिती) घेताना आणि विशेषतः तो काढून टाकून डिस्क पुन्हा एकत्र करताना व्हर्च्युअल मशीन काही क्षण गोठते. स्टोरेज संथ असेल तर हे क्षण सेकंदांवर जातात. पिंग निघालेला असतो, मशीन गोठते, जागी होते तोवर उत्तराची मुदत उलटलेली असते. मशीनला स्वतःला यातलं काही कळत नाही. तिच्या मते सगळं जग एकदम बंद पडून परत सुरू झालं.

रात्रपाळी
हो, बॅकअप दोनलाच लागतो! हायपरव्हायजरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) इव्हेंटमध्ये स्नॅपशॉट काढून टाकल्याची वेळ आणि अलर्टचं मिनिट जुळतंय.

थंडखोली
मग मॉनिटरिंग मशीनला त्या बॅकअपमधून बाहेर काढा. डेटाबेसचा डंप वेगळा घ्या, कॉन्फिगरेशन वेगळं ठेवा, झालं. शिवाय सर्व्हरला त्याच्या स्वतःच्या गेटवेलाही पिंग करायला लावा. गेटवेच उत्तर देत नसेल तर बाकी सव्वाशे अलर्ट दाबून एकच पाठवायचा : 'मलाच काही दिसत नाहीये.'

बॅकअप नसतानाही असे घाऊक अलर्ट येत असतील तर सर्व्हरचा कर्नल लॉग वाचा. फायरवॉल चालू असलेल्या लिनक्सवर कनेक्शन ट्रॅकिंगचं (चालू जोडण्यांच्या नोंदीचं) टेबल भरलं की 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' अशी ओळ दिसते. एकाच सपाट नेटवर्कवर हजारभर उपकरणं बघत असाल तर शेजारी पत्त्यांचं (कोणत्या आयपीमागे कोणतं उपकरण याचं) टेबलही भरतं. त्याची आयपीव्ही४ साठीची मूळ कमाल मर्यादा १०२४ आहे. झॅबिक्समध्ये पिंगर प्रोसेस किती व्यस्त आहेत त्याचा आलेखही असतो, तो पंचाहत्तर टक्क्यांच्या वर राहत असेल तर प्रोसेस वाढवा.

पॅकेटपुराण
(ब) माझ्याकडे. राउटरमधून *जाणारी* पॅकेट आणि राउटरला *आलेली* पॅकेट यांची वागणूक वेगळी असते. जाणारी पॅकेट मोठ्या राउटरमध्ये हार्डवेअरच परस्पर पुढे ढकलतं. तुमचा पिंग राउटरच्या नावाने आलेला, त्याला उत्तर सीपीयू देतो, आणि ते काम त्याच्या यादीत अगदी तळाला असतं. त्यातून बहुतेक जाणते लोक सीपीयूला संरक्षण म्हणून आयसीएमपीवर (पिंग ज्या प्रोटोकॉलने जातो त्यावर) दर सेकंदाची मर्यादा लावून ठेवतात. मर्यादा ओलांडली की उत्तरं गळतात. वापरकर्त्यांच्या वाहतुकीला धक्काही लागत नाही आणि तुमचा फोन वाजतो.

तपासायची सोपी रीत : राउटरला आणि राउटरच्या *मागे* असलेल्या एखाद्या सतत चालू यंत्राला एकाच वेळी पिंग लावा. राउटर गळतोय पण मागचं यंत्र सलग उत्तर देतंय, तर वाट ठीक आहे आणि राउटर फक्त तुमच्याशी बोलायला मोकळा नाही. एमटीआरचा (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर किती पॅकेट गळली ते दाखवणाऱ्या टूलचा) निकालही असाच वाचायचा. मधल्या टप्प्यावर तीस टक्के लॉस दिसला आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य, तर तो मधला लॉस विसरा. हा निकाल चिकटवून सेवादाराशी भांडणारे मी इतके पाहिलेत की आता हसूही येत नाही.

त्या तीन राउटरना तुमच्याशिवाय आणखी कोण विचारतंय तेही बघा. एखादं जुनं टूल दर पाच मिनिटांनी एसएनएमपीने (उपकरणांची माहिती वाचायच्या प्रोटोकॉलने) अख्खं राउटिंग टेबल वाचत असेल तर सीपीयू तिथेच जातो.

रात्रपाळी
मागच्या प्रिंटरला पिंग लावला. राउटर गळतो, प्रिंटर एकदाही नाही. आणि हो, इन्व्हेंटरीचं एक टूल सापडलं. ते त्या तिन्ही राउटरचं सगळं एसएनएमपी झाड पिंजून काढत होतं. बंद केल्यावर सीपीयूचा आलेख सपाट झालाय. पिंगची मर्यादा वाढवायला सांगू का?

पॅकेटपुराण
सरसकट वाढवू नका, ती मर्यादा कारणाने असते. फक्त मॉनिटरच्या पत्त्यासाठी वेगळा वर्ग करून त्याला पुरेशी जागा द्यायला सांगा.

आता त्या दहा मिनिटांचा हिशोब. १२५ राउटर, दर मिनिटाला एक पॅकेट, म्हणजे दिवसाला १,८०,००० तपासण्या. वाटेत एक टक्का पॅकेट गळतात असं धरा. एका पॅकेटवर निर्णय घेतलात तर रोज १,८०० खोटे अलर्ट. सलग तीन तपासण्या हुकल्यावरच अलर्ट दिला तर तीनही निव्वळ योगायोगाने हुकण्याची शक्यता दहा लाखांत एक, म्हणजे पाच-सहा दिवसांतून एखादा खोटा अलर्ट. तिसऱ्या मिनिटालाच एवढा फरक पडतो. त्यापुढची सात मिनिटं खऱ्या बिघाडाची खबर उशिरा मिळण्यापलीकडे काही देत नाहीत.

यात एक मेख आहे. पॅकेट एकेकटी गळत नाहीत, घोळक्याने गळतात. म्हणून एका तपासणीत सेकंदाच्या अंतराने तीन पॅकेट पाठवणं आणि तीन वेगळ्या मिनिटांत पाठवणं सारखं नव्हे. तीनही एकाच घोळक्यात सापडू शकतात. दोन्ही करा : तपासणीत तीन पॅकेट, आणि ट्रिगर सलग तीन तपासण्यांवर. झॅबिक्समध्ये 'शेवटच्या तीन मूल्यांतलं कमाल शून्य' असं लिहा. एक जरी उत्तर आलं असेल तर कमाल एक येतं आणि अलर्ट गप्प राहतो.

तारजोड
पटलं. दहा मागे घेतो.

कडीकुलूप
(क) कडे कोणी बघितलंच नाही. तो खोटा नाहीये.

दर आठ तासांनी, आणि वेळ सरकती. २८,८०० सेकंद. टनेलच्या किल्लीचं (ज्या गुप्त किल्लीने वाहतूक कूटबद्ध होते तिचं) आयुष्य तपासा, हाच आकडा बऱ्याच ठिकाणी असतो. आयुष्य संपलं की नवी किल्ली ठरते, आणि हे सुरळीत झालं तर एकही पॅकेट पडत नाही. पण दोन्ही टोकांच्या सेटिंगमध्ये तफावत असेल, किंवा एक बाजू जुनी किल्ली लवकर टाकून देत असेल, तर मधे अर्धा-एक मिनिट टनेल खरंच मुका होतो. इंटरफेस पडत नाही, म्हणून लॉगमध्ये इंटरफेसची ओळ नाही. आयपीसेकचा लॉग वेगळा बघावा लागतो.

त्या शाखांत विचारा, बोलता बोलता फोन तुटतात का.

रात्रपाळी
विचारलं. दोन शाखांनी सांगितलं की कॉल तुटतात, पण 'नेटचं हे असंच चालतं' म्हणून तक्रारच केली नव्हती. लॉगमध्ये नव्या किल्लीची बोलणी आणि अलर्टची वेळ जुळते. दोन्ही बाजूंचं आयुष्यही वेगळं लिहिलेलं आहे.

कडीकुलूप
म्हणून दहा मिनिटांचा ट्रिगर वाईट. हे अलर्ट दिसलेच नसते. तीन तपासण्यांचा ट्रिगरही यांना गिळेल, तेव्हा तो लावण्यापूर्वी पिंग लॉसचा वेगळा आलेख चालू ठेवा. त्यावर फोन वाजवायचा नाही, सकाळी चहासोबत बघायचा. स्मोकपिंग हे टूल याच कामाचं आहे.

नवाभिडू
थोडं अवांतर. मला पिंगचा त्रास नाही, पण राउटर रीबूट झाला की भलत्याच पोर्टचा 'लिंक डाऊन' येतो. एसएनएमपीने बघतो. असं का?

थंडखोली
इंटरफेसचा क्रमांक बदलतो. एसएनएमपी पोर्टला नावाने नाही, इंडेक्सने ओळखतं, आणि रीबूटनंतर तो इंडेक्स तोच राहील याची हमी नसते. राउटरमध्ये इंडेक्स कायम ठेवण्याची सोय असेल तर चालू करा, नाहीतर टूलमध्ये पोर्ट नावावरून जुळवा.

अपटाइमवरून 'रीबूट झाला' असा अलर्ट लावला असेल तर हेही ऐकून ठेवा : एसएनएमपीचा तो काउंटर ३२ बिटांचा आणि सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजणारा, म्हणून साधारण ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. राउटर जागचा हललेला नसतो.

पॅकेटपुराण
याच ओघात : ज्या राउटरला दोन लिंक आहेत त्याचा लूपबॅक पत्ता (कोणत्याही एका लिंकला न बांधलेला) पिंग करा, लिंकचा नको. लिंकच्या पत्त्यावर पिंग केला की एक लिंक पडताच आख्खा राउटर 'डाऊन' दिसतो, दुसरी लिंक मजेत चालू असताना. लिंकची खबर इंटरफेसच्या स्थितीवरून वेगळी घ्यायची. होस्टचा पत्ता नावाने दिला असेल तर तोही आयपी करा, नाहीतर डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा) अडकलं की राउटर पडतात.

रात्रपाळी
सगळ्यांचे आभार. बॅकअपमधून मशीन काढली, ट्रिगर तीनवर, लॉसचा आलेख वेगळा, टनेलवाल्यांना किल्लीचं आयुष्य जुळवायला सांगितलंय. शेवटचा प्रश्न. मुख्य टनेल गेटवे खरंच पडला तर मागच्या चाळीस शाखांचे चाळीस अलर्ट येतील. झॅबिक्समध्ये ट्रिगरचं अवलंबित्व (गेटवे डाऊन असेल तर शाखांचे अलर्ट दाबायचे) लावून ठेवलंय, तरी गेल्या वेळी अर्धे आलेच. का?

पॅकेटपुराण
शर्यत. शाखेची तपासणी गेटवेच्या आधी झाली तर त्या क्षणी गेटवे झॅबिक्सच्या लेखी चालूच असतो, मग शाखेचा अलर्ट थांबवायला कारण काय? गेटवे शाखांपेक्षा लवकर पडलेला कळला पाहिजे. त्याची तपासणी वीस सेकंदांवर आणा, ट्रिगर सलग तीनच ठेवा, म्हणजे मिनिटभरात तो डाऊन ठरेल आणि शाखांना दोन-तीन मिनिटं लागतील. नॅगिऑस या दुसऱ्या मॉनिटरिंग टूलमध्ये ही अडचण कमी येते, कारण होस्ट पडल्यासारखा वाटला की तो त्याच्या वरच्या होस्टला तिथल्या तिथे तपासतो आणि शाखेला 'डाऊन' न म्हणता 'अनरीचेबल' म्हणतो. पण त्यासाठी टूल बदलायची गरज नाही.

रात्रपाळी
वीस सेकंद केलं. आज रात्री देखभालीच्या वेळेत गेटवे मुद्दाम बंद करून बघतो, किती अलर्ट येतात ते इथेच लिहितो.