‘सोडणे’: ऋण, बायको आणि क्षमा

प्रश्न: ख्रिस्ती शिकवणुकीत कुटुंबाविषयी बोलताना ‘क्षमा’ आणि ‘समेट’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. बाईने ‘नवऱ्याला क्षमा केली’ म्हटलं, की ती आता पुन्हा नांदायला जाणार असं ऐकणारा धरूनच चालतो. मूळ शब्दांत हा अर्थ आहे का?

उत्तर: नाही. बायबलच्या नव्या करारात क्षमेसाठी नेहमी येणारं ग्रीक क्रियापद ‘आफिएमी’. अर्थ सोडणे, जाऊ देणे. येशूने शिकवलेल्या ‘प्रभूच्या प्रार्थने’चं मराठी भाषांतर त्याला घट्ट धरून आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.’ आता ऋण सोडणारा सावकार त्याच ऋणकोला पुन्हा उधार द्यायला बांधील असतो का?

गंमत पुढेच आहे. प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (७:११) नवऱ्याने बायकोला सोडू नये म्हणतो, तिथेही क्रियापद आफिएमीच. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं (अध्याय १९) बायको ‘टाकणे’ म्हणजे ‘अपोलुओ’. लूकच्या शुभवर्तमानात (६:३७) क्षमा करण्याला हाच शब्द. आणि मत्तय १८:२७ मध्ये तर दोन्ही शेजारी शेजारी: धनी दासाला मोकळा करतो (अपोलुओ) आणि त्याचं कर्ज सोडतो (आफिएमी).

दुसरे उत्तर: मराठीतही तसंच झालंय की. ‘फारकत’ म्हणजे मूळचा ‘फारखत’, देणंघेणं उरलं नाही असा लेख. हिशेबाच्या कागदावरचा शब्द संसारात आला.

तिसरे उत्तर: क्रियापद एक म्हणून अर्थ एक होत नाही हो. आपण पाणी सोडतो, नोकरी सोडतो आणि उपासही सोडतो! कर्म काय आहे ते बघा. ऋण सोडायचं की माणूस, यातच सगळं आलं. समेटासाठी पौलाकडे वेगळा शब्द आहे, ‘कातालास्सो’, आणि तो त्याच ७:११ मध्ये येतो: वेगळी झालेली बायको तशीच राहो, नाहीतर नवऱ्याशी समेट करो. म्हणजे वेगळं राहणंही त्याने गृहीत धरलंय. घटस्फोट न मानणाऱ्या कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यातही जोडीदाराकडून शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहण्याची मुभा आहे (कलम ११५३). मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर’ म्हणून परत पाठवणाऱ्यांनी हे कलम वाचावं.

प्रश्नकर्ती: मग ‘सातांच्या सत्तर वेळा’ क्षमा कर, असं येशू पेत्राला सांगतो (मत्तय १८:२२), त्याचं काय?

तिसरे उत्तर: तिथेही आफिएमीच, समेट नाही. आणि त्याच अध्यायात थोडं आधी (१८:१५-१७) अपराध्याला एकांतात बोला, ऐकलं नाही तर साक्षीदार घ्या, मग मंडळीला कळवा, असा क्रम दिलाय. निमूट गिळून टाका असं कुठेच नाही. लूक १७:३ मध्ये तर ‘त्याला दटाव’ आधी आणि ‘पश्चात्ताप केला तर क्षमा कर’ नंतर.

पहिले उत्तर: हे मान्य. एक भर घालतो, कारण वर ‘घटस्फोट’ आलाय. मत्तय ५:३१ मध्ये मराठीत ‘सूटपत्र’ आहे आणि तो फार नेमका शब्द आहे: मोकळं केल्याचा कागद. ‘घटस्फोट’ हा आधी पतिताला बहिष्कृत करण्याच्या विधीचा शब्द, पाण्याने भरलेला घट लवंडून टाकण्याचा. आज तो रूढ आहे, वापरायला हरकत नाही. पण ‘कॅथलिक चर्चने घटस्फोट दिला’ असं लिहू नका. ते चर्च विवाह ‘शून्य’ ठरवतं, म्हणजे वैध विवाह मुळात झालाच नव्हता असा निर्णय देतं. ऑर्थोडॉक्स आणि बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या मात्र घटस्फोट मानतात, तिथे तो शब्द चालेल.