मदत हवी आहे : युरोपहून परतलो, बॅग मात्र नागपूरला आली नाही

प्रतापनगरवासी (प्रश्नकर्ता) :
आम्ही उभयता पॅरिस, ल्युसर्न, व्हेनिस आणि रोम असा पंधरा दिवसांचा प्रवास करून नऊ दिवसांपूर्वी घरी परतलो. रोमला सामानात दिलेली आमची मोठी बॅग सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यावर आलीच नाही. मुंबई-नागपूर विमानाची कंपनी म्हणते की बॅग आमच्या ताब्यात कधी आलीच नव्हती. मुंबईपर्यंत आणणारी परदेशी कंपनी म्हणते की शेवटच्या कंपनीला विचारा. तक्रार दिलेली आहे. बॅगेत दोघांचे लोकरीचे कपडे, बरीच खरेदी आणि सौभाग्यवतींचा वाचायचा चष्मा आहे. मे महिन्यातल्या नागपुरात स्वेटरची घाई कोणालाच नसते, चष्म्याची मात्र आहे. नेमके कोणाला धरायचे, तेवढेच कृपया सांगावे.

धंतोलीकर :
युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा तुम्ही काढलाच असणार. त्यातून भरपाई घ्या आणि मोकळे व्हा. कंपन्यांच्या मागे लागण्यात आयुष्य जाते.

निवृत्त_लेखापरीक्षक :
धंतोलीकर, ती अट आजारपण, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याच्या खर्चासाठी असते. सामानाचे संरक्षण पॉलिसीत स्वतंत्रपणे लिहिले असेल तरच मिळते. प्रश्नकर्त्यांनी आधी हे सांगावे की रोम ते नागपूर तिकीट एकच होते की मुंबई-नागपूर वेगळे काढले होते, आणि तक्रार दिली म्हणजे नेमके काय दिले?

प्रतापनगरवासी :
तिकीट एकच होते. सोनेगावला काउंटरवरच्या मुलीने आमचे नाव आणि फोन नंबर वहीत लिहून घेतला. हे सर्व सांगण्याऐवजी कोणी उत्तर दिले तर बरे होईल.

निवृत्त_लेखापरीक्षक :
वहीत नाव लिहिणे म्हणजे तक्रार नव्हे. पीआयआर नावाचा, सामान न मिळाल्याची नोंद करणारा अहवाल विमान कंपनीकडून घ्यावा लागतो आणि त्याला पाच अक्षरे व पाच आकडे असा दहा स्थानांचा क्रमांक मिळतो. तो नसेल तर तुमची बॅग कोणीही शोधत नाही, असेच समजा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातील भरपाईच्या मॉन्ट्रियल करारानुसार २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असे धरून दावा करता येतो. अनेक कंपन्यांनी मिळून प्रवास घडवला असेल तर सामानाबाबत पहिली, शेवटची आणि जिच्याकडे घोटाळा झाला ती, यांपैकी कोणालाही धरता येते. त्यामुळे "शेवटच्या कंपनीला विचारा" हे पहिल्या कंपनीचे उत्तर टिकणारे नाही.

खरेदीप्रेमी_लक्ष्मीनगर :
इटलीत खरेदी केली असल्यास कर परताव्याचा शिक्का रोमलाच घ्यायला हवा होता. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे ७० युरोंच्या वरच्या बिलावर परतावा मिळतो. आम्ही आमच्या चामड्याच्या पर्सवर घेतला होता.

प्रतापनगरवासी :
परताव्याबद्दल मी विचारलेले नाही.

सामानसुमान :
मी एका विमानतळावर सामान विभागात अकरा वर्षे नोकरी केली आहे, म्हणून एकच विचारतो. मुंबईला उतरल्यावर आपण पट्ट्यावर बॅग आली का, हे पाहिले होते का? आणि बॅगेच्या टॅगची चिठ्ठी कुठे आहे?

प्रतापनगरवासी :
मुंबईत पट्ट्याजवळ थांबण्याचा प्रश्नच नव्हता. रोमच्या काउंटरवर "थेट नागपूर" असे सांगितले होते आणि पुढच्या विमानाला वेळही कमी होता. चिठ्ठी बोर्डिंग पासच्या पाठीमागे होती. तो पास सौभाग्यवतींनी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या तिकिटाशेजारी आठवणींच्या वहीत डिंकाने चिकटवला होता. आज चहाच्या पातेल्यावर वाफेत धरून सोडवला. क्रमांक शाबूत आहे, खाली एनएजी अशी नागपूर विमानतळाची अक्षरे आहेत.

सामानसुमान :
मग बॅग हरवलेली नाही, ती मुंबईतच असावी. परदेशातून आल्यावर आपल्याकडे सर्वसाधारणपणे ज्या विमानतळावर प्रथम उतरतो तिथेच सामान स्वतः उचलून सीमाशुल्क विभागातून बाहेर न्यावे लागते आणि मग पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावे लागते. टॅगवर नागपूर छापलेले असले तरी हे चुकत नाही. सीमाशुल्क कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार सामानात काय आहे हे मालकाने सांगायचे असते, आणि मालक नसताना बॅग आपल्या पायांनी पुढे जाऊ शकत नाही. टॅगवरच्या दहा आकड्यांपैकी दुसरा ते चौथा हे विमान कंपनीचा संकेतांक असतात. त्याच कंपनीच्या मुंबईतील सामान कार्यालयाला टॅग, पासपोर्ट आणि तिकीट यांच्या प्रती आजच पाठवा.

धंतोलीकर :
रोमच्या माणसाने चुकीचे सांगितले, मग भरपाई का सोडायची? करारातील भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) झाली आहे, म्हणजे माणशी दीड लाखाच्या वर!

निवृत्त_लेखापरीक्षक :
ती कमाल मर्यादा आहे, बक्षीस नव्हे. नुकसान दाखवावे लागते, आणि पट्ट्यावर फिरणारी बॅग प्रवाशानेच उचलली नसेल तर कंपनी तेच पुढे करील. उशिराबद्दलची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोडीची ७ दिवसांत करता येते. आधी बॅग मिळवू द्या.

धंतोलीकर :
मी मागच्या वेळी दोहाहून थेट सोनेगावलाच उतरलो होतो. हा प्रसंगच आला नसता.

सामानसुमान :
प्रश्नकर्त्यांनी कृपया सांगावे, बॅगेत खाण्याचे काही आहे का? उघडताना विचारतील.

प्रतापनगरवासी :
ल्युसर्नला घेतलेले ग्रुयेर चीज आहे, अर्धा किलो. शिवाय येथून नेलेल्या संत्रा बर्फीचा एक डबा न उघडताच परत आणला आहे.

खरेदीप्रेमी_लक्ष्मीनगर :
युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तुमची बर्फी पॅरिसला पकडली गेली नाही हे नशीबच.

प्रतापनगरवासी :
कंपनीच्या मुंबई कार्यालयाचे उत्तर आले. हँडलला बांधलेल्या हिरव्या साडीच्या काठावरून त्यांनी बॅग ओळखली. ती सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात आहे. माझ्या वतीने डोंबिवलीच्या पुतण्याने जायचे आहे. अधिकारपत्र आणि पासपोर्टच्या स्वाक्षरी केलेल्या प्रती त्याला मेलने पाठवल्या. सामानसुमान यांचे मनापासून आभार. बॅगेला मात्र जुने पितळी कुलूप आहे आणि त्याची एकुलती एक किल्ली माझ्या खिशात आहे. आजच्या विदर्भ एक्सप्रेसने नागपूरहून मुंबईला कोणी जात आहे का? स्टेशनवर किल्ली आणून देतो, सकाळी पुतण्या घ्यायला येईल.