मदत हवी आहे : समुद्रघोडा, पाइपफिश की दुसराच मासा?

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरी सुमारे 100 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी तयार असून, तीत समुद्रघोडे ठेवावेत की नळीसारख्या लांबट अंगाचे पाइपफिश, असा विचार चालू होता. परंतु एकाच कुळातले हे दोन्ही मासे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये संरक्षित असल्याने, ‘बिनधास्त न्या’ म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विसंबणे मला पटत नाही. शिवाय, त्यांना जठरच नसल्यामुळे दिवसातून दोन-तीनदा खाऊ घालावे लागते, तेही नोकरी सांभाळून! परदेशात टाकीतच पैदास झालेली जोडी रीतसर कागदपत्रांसह कोणी आणली आहे का? नसल्यास, मंद प्रवाहात रमणारा फायरफिश किंवा एखादा लहान गोबी मासा मे महिन्याच्या उकाड्यात चिलरशिवाय (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) तग धरेल का, हे अनुभवी सभासदांनी कृपया कळवावे.