कुत्रीची पिशवी कधी काढावी, पहिल्या माजाआधी की एकदा व्याल्यावर?

प्रश्न (लातूर):
पॉमेरियन मादी, सात महिन्यांची, साडेपाच किलो. अजून माजावर आली नाही. पिल्लं नकोत. घरचे म्हणायलेत, एकदा तरी विऊ द्या, नाहीतर तब्येत बिघडते. यात तथ्य आहे का? ऑपरेशनआधी काय बघावं?

उत्तर १ (परभणी):
व्याल्यानं तब्येतीला फायदा होत नाही. उलट दर माजागणिक स्तनात गाठी होण्याचा धोका वाढतो. १९६९च्या अमेरिकी अभ्यासात पिशवी असलेल्या माद्यांच्या तुलनेत हा धोका पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेल्यांना ०.५ टक्के, एका माजानंतर ८ आणि दोनानंतर २६ टक्के निघाला. या आकड्यांवर पुढं वाद झाला, तरी तुमच्या पॉमसाठी हीच वेळ बरी. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत मात्र वर्षभर थांबतात, सांधे भरू देतात.

खरी भीती पिशवीत पू होण्याची. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत मादी भांडंभर पाणी पिते, सारखी लघवीला जाते, खाणं सोडते. पिशवीचं तोंड उघडं असलं तर शेपटीखालचे केस पुवानं चिकटतात. बंद असलं तर बाहेर काहीच दिसत नाही, नुसतं पोट फुगतं, आणि तेच जास्त घातक. माज टाळायची इंजेक्शनं तर देऊच नका, त्यानंही पू होतो.

उत्तर २ (नांदेड):
आपल्याकडं गोचीड फार, म्हणून आधी रक्त तपासा. गोचीडतापात प्लेटलेट उतरतात आणि टेबलावर रक्त थांबत नाही. पोटाची कातडी उजेडात बघा. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर ऑपरेशन पुढं ढकला, आधी ताप बरा करा. तेवढ्यात माजावर आलीच तर माज संपून दोन-तीन महिने जाऊ द्या. माजात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात.

उत्तर ३ (बीड):
आदल्या रात्री दहानंतर खायला नको, पाणी सकाळपर्यंत चालेल. घरी आणल्यावर नेहमीच्या खाण्याचा चौथा हिस्सा द्या. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोवर गळ्यातली शंकूसारखी, चाटू न देणारी कॉलर काढायची नाही, अंघोळ नाही. एका रात्रीत चाटून टाके उसवतात. टाक्यांवर हळद-तेल लावू नका. माणसांची ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम अजिबात नको, पोटात अल्सर होतो, किडनी जाते. पुढं भूक वाढते, पण शरीराची गरज कमी होते, म्हणून दूध-भाकरी पाव हिश्शानं कमी करा. काही माद्यांना मोठेपणी झोपेत लघवी गळते, त्यावर गोळ्या आहेत.

प्रश्नकर्ते:
रक्त उद्याच देतो. परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात ऑपरेशन होईल का?

उत्तर १ (परभणी):
होईल. उदगीरचं कॉलेज तुम्हाला जवळ पडेल. लसीकरणाचं कार्ड आणि रक्ताचा रिपोर्ट घेऊन सकाळी लवकर जा.